पक्के मिस्त्रींनी बांधलेला हात

त्या गल्लीत सुतार बरेच होते, पण पक्के मिस्त्री एकच. त्यांचं खरं आडनाव बायकोला माहीत होतं आणि पत्र टाकणाऱ्याला. बाकीच्यांना ते पक्केच. काम पक्कं म्हणून माणूस पक्का. इतकं पक्कं, की घेणाऱ्यावर कधी कधी डोक्याला हात लावायची पाळी यायची.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा त्यांच्याकडून न्हाणीघराचं दार बसवून घेतलं. दार असं बसलं, की आत दिवा लावला तर बाहेर उजेडाची रेघ दिसेना. लोक बघायला यायचे. मग पाऊस लागला, लाकूड फुगलं, आणि एके सकाळी दुकानदार आत अडकला. टॉवेल गुंडाळून आतून बोंबलत होता आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी दार फोडावं लागलं. फळी फुटली, पण चौकट तसूभर हलली नाही, हे मिस्त्री पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत.

त्या दिवसापासून ते दाराला फट ठेवायला लागले. वरून नाण्याच्या जाडीएवढी, बाजूने तेवढीच. पण फक्त दाराला. ठेच जिथे लागते तेवढाच दगड माणूस चुकवून चालतो. कपाट, पेटी, खण यांना त्यांनी फट म्हणून ठेवली नाही. "खण घरातली वस्तू. त्याला कुठला पाऊस लागतो?" असं त्यांचं म्हणणं.

बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवायला जायची. ती म्हणायची, "मी कापडात माया सोडते. उद्या अंग वाढलं तर उसवून सैल करता येतं. तुम्ही लाकडात केसाएवढी सोडत नाही."

"लाकूड अंगात घालायचं नसतं," मिस्त्री म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी. नऊ वर्षांची. नाव चांगलं ठेवलेलं होतं, पण जन्मल्यापासून एका जागी न बसल्याने सगळे तिला ठिणगी म्हणत. ती बापाला अरे-तुरे करायची आणि बापाला ते आवडायचं. फक्त ती रडली की आवडायचं नाही. पडली, खरचटलं, की मिस्त्री म्हणायचे, "रडायचं नाही. कोणाची पोर तू?" मग ठिणगी ओठ घट्ट मिटून म्हणायची, "पक्क्यांची." मिस्त्रींना वाटायचं, हेही आपलंच काम. सांधा कुठे दिसत नाही.

त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. बायको दुकानात गेलेली. मिस्त्री पुढच्या खोलीत, म्हणजे कारखान्यात, एका टेबलाचा पाय तासत होते. ठिणगीला दोरीवरच्या उड्या मारायच्या होत्या आणि दोरी कपाटाच्या वरच्या खणात होती. कपाट मिस्त्रींचं. खण मिस्त्रींचा. तो उघडायचा म्हणजे घरात एक विधीच होता: दोन्ही हातांनी मूठ धरायची, एक पाय कपाटाला लावायचा आणि मागे झुकायचं. बायको रोज तसंच करायची आणि रोज काहीतरी पुटपुटायची. ते पुटपुटणं मिस्त्रींनी कधी नीट ऐकलं नव्हतं.

ठिणगी स्टुलावर चढली. मूठ धरली, पाय लावला, मागे झुकली. खण एकदम, अख्खा, बाहेर आला.

मिस्त्री धावत आत गेले तेव्हा पोर जमिनीवर होती, खण पोटावर होता आणि डावा हात मनगट आणि कोपर यांच्या मधे जिथे वाकू नये तिथे वाकला होता. मिस्त्रींनी आधी पोरीकडे पाहिलं. मग खणाकडे पाहिलं. हे लपवण्यात अर्थ नाही. खणाला ओरखडाही नव्हता.

"बाबा, हात वेडा झाला," ठिणगी म्हणाली.

"रडायचं नाही. आधी आधार बांधू, मग दवाखाना."

इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. बांधकामावर माणसं पडलेली त्यांनी पाहिली होती. मोडलेल्या हाताला दोन बाजूंनी पट्ट्या लावून न्यावं, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाही बापाने हाताला लागेल ती फळी घेतली असती, जुन्या साडीची चिंधी गुंडाळली असती आणि पोरीला उचलून पळाला असता.

मिस्त्रींनी फळी निवडली. पहिलीला गाठ होती, ती बाजूला ठेवली. दुसरी किंचित वाकडी होती. तिसरी पसंत पडली. तिच्यातून मापाने दोन पट्ट्या कापल्या, रंध्याने पातळ केल्या. ठिणगी बाकावर बसून हुंदके गिळत होती आणि बाप पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करत होता.

"बाबा, लवकर."

"कड टोचेल तुला."

"मला आत्ता हातच टोचतोय."

"झालंच."

मग त्यांनी पॉलिशसाठी आणलेलं कोरं पांढरं मलमल काढलं. हाताच्या दोन बाजूंना पट्ट्या ठेवल्या आणि मलमल गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळलं म्हणजे कसं, तर प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, एकही सुरकुती नाही, आणि आवळलेलं. सांधा जुळवताना शिकंजा आवळावाच लागतो. ढिला ठेवला तर सरस धरत नाही, हे त्या मनगटाला आयुष्यभराचं ठाऊक होतं. मनगटाने तेच केलं. लाकूड आणि लेक हा फरक डोक्याला कळतो, मनगटाला सवय कळते. शेवटी गाठ मारायची वेळ आली. गाठ दिसली की काम कच्चं. त्यांनी कापडाचं टोक आत दुमडलं आणि त्याला सरसाचं बोट लावलं. टोक कुठे संपलं ते शोधून सापडेना.

शेजारचा रंगारी आवाज ऐकून आला. त्याच्याकडे डबे वाहायचा छोटा टेम्पो होता. दारातच थबकला.

"मिस्त्री, पोरीला दवाखान्यात न्यायचंय की प्रदर्शनात?"

"टेम्पो काढ."

"काढतो हो. अस्तर लावून झालं का, का अजून एक हात मारायचाय?"

ठिणगी हसली. हसताना कळवळली. तिने ओठ मिटले.

दवाखाना मोठा होता. तातडीच्या विभागाच्या दारावर टोपीवाला रखवालदार बसला होता. आत डॉक्टर खूप शिकलेले होते, पण त्यांच्यापर्यंत कोण पोचणार हे तो ठरवायचा. म्हणजे पहिली तपासणी त्याचीच. त्याने आधी मिस्त्रींचा खिसा तपासला. खिशात पेन्सिल, मोजायची टेप आणि लाकूड कोरायची पटाशी निघाली. पटाशी सुताराच्या खिशात असतेच, चष्मेवाल्याच्या खिशात चष्मा असतो तशी. धार एवढी, की टोपीवाल्याने ती दोन बोटांत विंचू धरावा तशी धरली.

"हत्यार आत चालत नाही." त्याने ती टेबलाच्या खणात टाकली. "जाताना मिळेल. काय झालंय?"

"हात मोडलाय पोरीचा."

टोपीवाल्याने हाताकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. "हे तर झालंय."

"काय झालंय?"

"प्लास्टर. इथे मोडलेले येतात. बांधलेले तिकडे. हिरव्या रेघेने जा."

"अहो, बांधलंय, पण आत मोडलेलंच आहे."

"आत काय आहे ते मला कसं दिसणार? मला वरून बघायचं असतं."

एवढ्यात मागून एक माणूस तळहातात काच घेऊन आला. हात वर धरून, आईला, देवाला आणि काच बनवणाऱ्याला हाका मारत. टोपीवाल्याने उठून त्याला दार उघडून दिलं.

दाराशेजारी पाटी होती. ठिणगीने मोठ्याने वाचली. "शां-त-ता रा-खा. बाबा, तो मामा ओरडत होता, तरी त्याला आत घेतलं."

"त्याला रक्त येत होतं."

"मला आत येतंय का कोण जाणे," ठिणगी म्हणाली.

हिरवी रेघ जमिनीवरून निघाली होती. लांब कॉरिडॉर, मग वळण, मग चहाचं काउंटर. तिथून ती पुसट झाली आणि एका लोखंडी कपाटाखाली शिरून नाहीशी झाली. रंगारी वाकून बघत होता.

"अस्तर न देता मारलाय रंग. खरवडा, नखाने निघेल."

"कोणी केलंय हे?" मिस्त्री म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. खरं तर सगळ्याच कारागिरांचं. दुसऱ्याचं काम पाहिलं की पहिलं हेच तोंडात येतं, आणि उत्तर कुणालाच नको असतं.

कपाटाच्या पलीकडे पट्ट्या बदलायची खोली होती. तिथे बाकावर बसून राहिले. पुढे माणसं होती. ठिणगी आधी पाट्या वाचत होती, मग समोरच्या बाईच्या चपला कशा उलट्या घातल्यात ते सांगत होती, मग हळूच म्हणाली, "बाबा, घट्ट झालंय."

"घट्टच पाहिजे. हलता कामा नये."

"थोडं कमी घट्ट नसतं का?"

"कोणाची पोर तू?"

ठिणगीने या वेळी नुसतेच ओठ मिटले. रंगारी म्हणाला, "मिस्त्री, तिला जरा रडू द्या. इथे रडणाऱ्याचा नंबर लवकर लागतोय." मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा आणायला गेला.

नंबर आला. खोलीतला ड्रेसर जाडजूड माणूस होता. या हातांनी हजारो जखमा पुसल्या असतील असे हात. त्याने ठिणगीचा हात उजेडात धरला आणि उलटसुलट पाहिला. टोक शोधलं. सापडलं नाही. पुन्हा शोधलं.

"सिस्टर, जरा या. हे बघा."

सिस्टर आली. तिनेही पाहिलं. "अय्या, किती स्वच्छ!"

"वेढे बघा. एकसारखे. आपण चिकटपट्टी लावतो, ती संध्याकाळी लोंबते. कुठल्या दवाखान्यात केलंत हो हे?"

"मी केलं," मिस्त्री म्हणाले.

ड्रेसर पोट धरून हसला. "बरं बरं. सांगायचं नसेल तर राहू दे."

"खरंच मी केलं. सुतार आहे मी."

"आणि मी विमान चालवतो," ड्रेसर म्हणाला. पण म्हणाला कौतुकानेच. सिस्टरने आणखी एकीला बोलावलं. तिने खिशातून फोन काढून हाताचा फोटो घेतला, नवीन मुलींना दाखवायला.

आता खरं सांगायचं तर मिस्त्रींनी त्या वेळी बोलायला हवं होतं. हे उघडा, आत हाड मोडलंय, असं ओरडून सांगायला हवं होतं. पण चांगल्या कामाला चांगलं म्हणणारी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत. गिऱ्हाईक दार मोडल्यावर येतं, दार चांगलं चालतंय सांगायला कोणी येत नाही. मिस्त्रींची छाती थोडी पुढे आली. ते म्हणाले, "कापड चांगलं असलं की वेढा बसतो." आणि तिथेच थोडा वेळ गेला.

"तर मग आधीचा कागद द्या," ड्रेसर म्हणाला.

"कसला कागद?"

"ज्याने बांधलं त्याचा. दुसऱ्याच्या कामाला मी कागद बघितल्याशिवाय हात लावत नाही. उघडलं आणि आत काही बिघडलेलं निघालं, तर म्हणणार, याने बिघडवलं."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. त्यांचाही नियम हाच होता. दुसऱ्या सुताराने बसवलेलं कपाट दुरुस्त करायला ते कधी जात नसत. ज्याने केलं त्याला बोलवा, म्हणायचे. ड्रेसरचं बोलणं त्यांना शहाण्या माणसाचं वाटलं. ज्याने बांधलं तो इथेच उभा आहे, हे लक्षात यायला त्यांना खोलीबाहेर यावं लागलं.

कागदासाठी ते खिडकीवर गेले. खिडकीतला माणूस जेवत होता. घास गिळून म्हणाला, "जुना कागद नाही म्हणजे नवीन केस. नवीन केस तातडीत. तातडी त्या दाराने." आणि टोपीवाल्याच्या दाराकडे बोट केलं.

टोपीवाला त्यांना बघून म्हणाला, "आलात परत? झालं का?"

"नवीन केस म्हणाले."

"नवीन कशी? हिरव्या रेघेवरून आलात ना? मग बांधलेल्यात नोंद झाली तुमची."

"अहो दादा, एकदा आत डॉक्टरांना बघू द्या."

"सगळ्यांनाच आत जायचंय. बसा. शांत बसलेली पोर आहे, रंग बरा आहे, काय घाई आहे तुम्हाला?"

रंगाचं नाव निघालं म्हणून रंगाऱ्याने पाहिलं. त्याला रंग बघायची सवय. तो चहाचा कप घेऊन ठिणगीसमोर बसला होता. कप खाली ठेवला.

"मिस्त्री. बोटं बघा."

मिस्त्री वाकले. पांढऱ्या मलमलीच्या बाहेर पाच बोटं होती. ती सुजून तुकतुकीत झाली होती आणि नखं निळसर पडली होती.

"ठिणगे, बोटं हलव."

"हलवते."

बोटं हलली नाहीत.

"हलव ना गं."

"हलवतेय की बाबा. ती माझं ऐकत नाहीत." ती थांबली. मग म्हणाली, "आता दुखत नाही. आता ती माझी नाहीतच."

किती वेळ ती बोलली नव्हती? पाट्या वाचायची कधी थांबली होती? मिस्त्रींना आठवेना. शांत बसलेली पोर त्यांना आवडली होती, एवढंच आठवलं.

त्यांनी तिचं एक नख दाबलं. ते पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. कोपराच्या खाली, कापड जिथे संपत होतं तिथे, मांस वर आलं होतं. शिकंजा पूर्ण आवळला की दोन्ही बाजूंनी सरस बाहेर येतो, तसं. सरस असा आला की मिस्त्री खूश व्हायचे. काम बसलं, म्हणायचे.

त्यांना दुकानदाराचं दार दिसलं. आतून बोंबलणारा दुकानदार दिसला. तो निदान बोंबलत तरी होता.

"दादा, माझी पटाशी द्या."

"जाताना मिळेल म्हटलं ना."

"हे कापायचंय. पोरीचं रक्त अडलंय."

"अहो, दवाखान्यात हत्यार काढून तुम्ही कापाकापी करणार आणि मी बघत बसणार? नोकरी जाईल माझी. तिकडे ड्रेसरकडे जा."

रंगारी हिरव्या रेघेवरून धावत सुटला, कात्री मागायला. मिस्त्री थांबले नाहीत. बाकावर बसले, ठिणगीचा हात मांडीवर घेतला आणि टोक शोधायला लागले. टोक नव्हतं. जगातल्या कुठल्याही माणसाला सापडू नये म्हणून त्यांनीच ते लपवलं होतं. बोटाने चाचपलं, नखाने खरवडलं. सरस वाळून दगड झाला होता. चांगला सरस होता. ते स्वस्तातला कधी वापरत नसत.

"कोणी केलंय हे," मिस्त्री दात ओठ खात म्हणाले, आणि मग खाली वाकून त्यांनी दातच लावले.

माणसं बघायला लागली. एक मोठा माणूस पोरीचा हात चावतोय असं लांबून दिसत होतं. टोपीवाला उभा राहिला. "ओ! ओ मिस्त्री! काय करताय? शांतता राखा!" मिस्त्री कापडाच्या कडेचा एक धागा दातात धरून ओढत होते. तोंडात सरसाची चव होती. धागा तुटला, दुसरा तुटला. कोऱ्या मलमलीचं असं असतं, कडेला एकदा चीर पडली की सरळ फाटत जातं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. चर्रकन आवाज झाला. वेढे सुटले, पॉलिश पेपर मारलेल्या दोन सुबक पट्ट्या जमिनीवर पडून खडखडल्या, आणि हात जिथे वाकू नये तिथे वाकला.

रक्त बोटांकडे धावलं. त्याबरोबर दुखणं आलं. ठिणगीने तोंड उघडलं.

सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तशी किंकाळी त्या कॉरिडॉरने ऐकली नसेल. खिडकीतल्या माणसाचा घास राहिला. चहाच्या काउंटरवरचा पोऱ्या पळत आला. आतली दारं उघडली, चाकांची खाट घेऊन दोघं धावले, आणि सगळ्यांच्या पुढे टोपीवाला होता. दार सताड उघडून धरून तो मिस्त्रींवर ओरडला, "अहो, आधी सांगायचं ना! ही तातडीची केस आहे!"

"रड," मिस्त्री खाटेबरोबर धावत पोरीला सांगत होते. "रड. मोठ्याने रड."

आत एक तरुण डॉक्टरीण होती. डोळ्यांखाली काळं, पण हात स्थिर. तिने दुखणं कमी करायची सुई टोचली, हात पाहिला, बोटं पाहिली, नखं दाबली. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. धापा टाकत आलेला रंगारी हातातली कात्री कुठे ठेवावी हे न कळून ती पाठीमागे धरून उभा होता.

"बाळ, अंगठा हलव," डॉक्टरीण म्हणाली.

अंगठा हलला. हळू, पण हलला. मग त्याच्या शेजारचं बोट. मग मधलं. त्याच्या पुढचं थरथरलं.

"करंगळी?"

करंगळी तशीच राहिली.

"बघू. थांबू थोडं," डॉक्टरीण म्हणाली आणि वळली. "कोणी बांधलं होतं?"

रंगारी छत बघायला लागला. छताचा रंग बरा होता.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"बाप."

"पट्ट्या लावल्यात ते चांगलं केलं. पण आवळलंत का एवढं? मोडलेला हात सुजतो. पहिल्या दिवशी तर फार. त्याला जागा ठेवायची असते."

"दाराला ठेवतो," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"दाराला फट ठेवतो मी. पावसाळ्यात फुगतं म्हणून. प्रत्येक दाराला ठेवतो."

डॉक्टरीण त्यांच्याकडे बघत राहिली. "मग हिला का नाही ठेवली?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. तिला पुढची माणसं होती.

मिस्त्री करंगळीकडे बघत राहिले. लाकूड निवडताना ते असेच बघत, श्वास धरून. इतर चार बोटांना हळूहळू गुलाबी रंग चढला. करंगळी पांढुरकी, गप्प. हाडाचे फोटो काढून आणले, डॉक्टरणीने हाड जाग्यावर बसवलं, सुई टोचलेली असूनही ठिणगी रडली, आणि या वेळी कोणी तिला कोणाची पोर म्हणून विचारलं नाही.

मग डॉक्टरणीने प्लास्टर घातलं. तेही अर्धंच. खालच्या बाजूने ओल्या प्लास्टरची खोबण आणि वरून सैल पट्टी. "सूज उतरली की पूर्ण घालू," ती म्हणाली. मिस्त्री बघत होते. प्लास्टरला उंचवटे होते. बोटांचे ठसे उमटले होते. एका कडेला कापडाची झालर लोंबत होती. पट्टीचा एक वेढा वर, एक खाली. त्यांच्या हाताला खाज सुटली. ओलं होतं तोवर अंगठ्याने एकदाच फिरवलं असतं, तरी कड सरळ झाली असती.

"मॅडम, ती कड तेवढी..."

"बाबा!" ठिणगी म्हणाली. "तू हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले. एका खिशात टेप होती, ती घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात बायको आली. तशीच कामावरून उठून आलेली, छातीशी टाचण्या टोचलेल्या, गळ्यात मापाची फीत. पोरीच्या कपाळावर हात ठेवला, प्लास्टर पाहिलं, सुटलेला श्वास पुन्हा धरला आणि नवऱ्याकडे वळली. पोर टेम्पोत बसायच्या आधीपासूनचं सगळं रंगाऱ्याने तिला फोनवर सांगून टाकलं होतं.

"अहो, पॉलिश पेपर मारलात? पोर रडत असताना?"

"रडत नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"तेच तर," बायको म्हणाली.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि पोरीची बोटं आपल्या हातात घेऊन चोळायला लागली. एक एक करत करंगळीपर्यंत आली.

"आई, गुदगुल्या," ठिणगी म्हणाली.

"कुठे?"

"तिथेच. करंगळीत." आणि करंगळी हलली. फार नाही, मुंगी पाय उचलते तेवढी.

मिस्त्री वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "भिंतीला पोपडे आलेत," ते म्हणाले. रंगारी म्हणाला, "आलेत खरे." भिंत अगदी गुळगुळीत होती.

निघताना टोपीवाल्याने पटाशी परत दिली. टेबलाचा खण त्याने एका बोटाने उघडला. खणाला चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट होती, तळ हलत होता, मूठ एका खिळ्यावर होती. असला खण मिस्त्रींच्या कारखान्यात झाला असता तर त्यांनी चुलीत घातला असता. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"काय झालं?" टोपीवाल्याने विचारलं. "वाईट आहे ना? मिस्त्री आहात, तर करून द्या की नीट."

"नको," मिस्त्री म्हणाले. "उघडतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला तो खण पालथा घातला आणि रंधा काढला. ठिणगी हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसली होती. मिस्त्रींनी एक सालपट काढलं, खण लावून पाहिला.

ठिणगीने उजव्या हाताने ओढून पाहिला. "अजून."

दुसरं काढलं.

"अजून."

"आता सैल होईल गं."

"अजून."

मिस्त्रींना प्रत्येक सालपटाबरोबर काळजाचा तुकडा गेल्यासारखं होत होतं. चांगलं लाकूड होतं. बायको दारात उभी राहून बघत होती आणि पुटपुटत नव्हती. शेवटी खण असा झाला, की ठिणगीने नुसतं बोट अडकवलं आणि तो पुढे आला. आत-बाहेर करताना खडखड वाजला.

"आता बरोबर," ती म्हणाली. मग दिवसभर विनाकारण उघडत-मिटत बसली.

थोड्या दिवसांनी एक नवीन गिऱ्हाईक आलं. लग्नासाठी कपाट हवं होतं. पक्के मिस्त्रींचं नाव ऐकून लांबून आलं होतं. नमुना म्हणून घरातलं कपाट बघायला आत गेलं. दारं उघडली, मिटली, खूश झालं. मग खणाला हात लावला. खडखड झाली. त्याने खण हलवून पाहिला, फटीत बोट घालून पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"हे कोणी केलंय?"

ठिणगी अभ्यास सोडून बापाकडे बघायला लागली.

"मी," मिस्त्री म्हणाले.